तालुक्याच्या शाळेतील विद्यार्थी-मंडळे आणि वर्गसमारंभ

जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडते, नव्या वर्गांच्या हजेरीपटांवर नावे चढतात, आणि पहिल्या पंधरवड्यातच मुख्याध्यापकांच्या सहीचे एक परिपत्रक वर्गावर्गांतून फिरते. त्यात वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, क्रीडा मंडळ, सांस्कृतिक मंडळ, हरित सेना अशी नावे ओळीने लिहिलेली असतात, प्रत्येकापुढे एकेका शिक्षकाची नेमणूक असते आणि वर्गप्रतिनिधींसाठी रिकामी जागा सोडलेली असते. ती जागा त्याच तासाला, समोरच्या बाकांवर बसणाऱ्या हुशार मुलांच्या नावांनी भरली जाते, कागद दप्तरी दाखल होतो, आणि पुढे स्नेहसंमेलनाच्या गडबडीपर्यंत त्या मंडळाचे अस्तित्व त्या कागदापुरतेच उरते. तालुक्याच्या गावातील बहुतेक शाळांचा हा शिरस्ता आहे. आणि तो बदलण्यासाठी पैसा, मोठी इमारत किंवा सुसज्ज सभागृह यांतील कशाचीही अपेक्षा नाही, म्हणूनच वर्गशिक्षकांना आणि वर्गाच्या कार्यवाहांना उद्देशून या सूचना लिहीत आहे.

मंडळ चांगले चालले किंवा समारंभ यशस्वी झाला, असे केव्हा म्हणावे, याची माझ्यापुरती कसोटी एकच आहे : हजेरीपटावरील प्रत्येक मुलाला त्यात संकोचाशिवाय वावरता आले की नाही. पाहुण्यांनी केलेली प्रशंसा, वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत छापून आलेले छायाचित्र, व्यासपीठाची सजावट, यांपैकी कशानेही या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ज्या दिवशी समारंभ असतो त्याच दिवशी ज्याचे पोट दुखते, ज्या मुलीला त्याच दिवशी मामाच्या गावी जावे लागते, त्या मुलांकडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे वेळेची, पैशाची किंवा कामाची तजवीज करताना आपल्याकडून काय राहून गेले ते कळते.

प्रथम वेळेचा विचार करू. तालुक्याच्या शाळेत निम्मी-अर्धी मुले आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात, आणि त्यांचा सारा दिनक्रम एस.टी.च्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पासाची योजना आहे खरी, परंतु सायंकाळची गाडी चुकली तर पास दुसरी गाडी उभी करू शकत नाही. आणि एकदा मुलगी दिवेलागणीनंतर घरी पोहोचली, की पुढच्या वेळी तिला मंडळाच्या बैठकीला थांबण्याची परवानगी घरून मिळत नाही. म्हणून शाळा सुटल्यानंतर कोणतीही बैठक, तालीम अथवा समारंभ ठेवू नये, हा नियम निरपवाद मानावा. शनिवारची शाळा सकाळची असते. तिचा शेवटचा तास महिन्यातून दोनदा मंडळांसाठी मुख्याध्यापकांकडून लेखी मंजुरी घेऊन राखून ठेवावा, आणि वर्गसमारंभ नेहमी मधल्या सुट्टीनंतरच्या तासांतच उरकावा.

तारीख ठरवतानाही गावाचे पंचांग समोर असावे. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी भाजीवाल्याचा, चांभाराचा, चहाच्या गाडीवाल्याचा मुलगा दुपारनंतर आईवडिलांच्या मदतीला जातो. एकादशीला, चतुर्थीला काही मुलांचा उपवास असतो, रमजानच्या महिन्यात काहींचा रोजा असतो. त्या दिवशी खाण्याचा कार्यक्रम ठेवणे म्हणजे त्या मुलांना न सांगता वगळणेच होय. याहून गंभीर गोष्ट ऊसतोडणीच्या मुलांची. बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहतात, काही मात्र आईवडिलांबरोबर निघून जातात. अशा पट्ट्यातील शाळेने वर्षातील सगळे सोहळे डिसेंबर ते फेब्रुवारीतच ठेवले, तर या मुलांच्या वाट्याला दहा वर्षांच्या शालेय जीवनात एकही स्नेहसंमेलन येत नाही. त्यांच्यासाठी निराळा कार्यक्रम करावा असे मी म्हणत नाही, तसे करणे त्यांना अधिकच वेगळे पाडील. संपूर्ण वर्गाचा वर्षातील मुख्य समारंभच सहामाही परीक्षेनंतर व दिवाळीच्या सुट्टीपूर्वी घ्यावा, म्हणजे कोणाचेही नाव न घेता ती सर्वांची सोय होते.

आता मंडळांविषयी. ज्या शाळेत एकूण तीनशे-साडेतीनशे विद्यार्थी आहेत तेथे आठ मंडळे कागदावर असण्यापेक्षा दोनच खरोखर चालावीत. कोणत्याही मंडळाला वर्षभर पुरेल असे एक ठरलेले, हाताने करण्याजोगे आणि नोंद ठेवता येण्याजोगे काम असावे लागते. नुसत्या जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या भाषणांवर मंडळ जगत नाही.

वाङ्मय मंडळापुरते बोलायचे तर हस्तलिखित नियतकालिकासारखे दुसरे काम मला सुचत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचा कारभार पाहत होते, त्या काळात त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' चालवले आणि पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक काढले. अमळनेर हेही तालुक्याचेच गाव, आणि हाताशी साधने म्हणावीत तर कागद आणि दौत. आपल्या शाळेत दैनिक नको, मासिकाचीही घाई नको. दर दोन महिन्यांनी एक अंक, बत्तीस पृष्ठांचा, एकाच प्रतीत लिहिलेला आणि शिवलेला, एवढे पुरे. मात्र संपादकीयापासून मलपृष्ठापर्यंत सारा मजकूर चार निवडक हस्ताक्षरांत काढण्याचा मोह टाळावा. ज्याचा लेख त्याचेच अक्षर, मग ते कसेही असो, असा दंडक घातला म्हणजे अंक सुबक दिसणार नाही, पण तो वर्गाचा दिसेल. विषयही गावातले द्यावेत : आपल्या वाडीच्या नावामागची हकिकत, आजीच्या जात्यावरच्या आठवणी, गावच्या तालमीतील वस्तादांची मुलाखत, विहिरीला पाणी लागले त्या दिवसाचे वर्णन. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर मार्गदर्शिकेतून उतरवून काढलेला निबंध स्वीकारू नये, आणि तो का परत केला ते लेखकाला शेजारी बसवून, गोडीने समजावून सांगावे. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्या दिवशी व्यासपीठावरून या अंकातील मजकुराचे वाचन व्हावे, आणि वाचणारा तो लिहिणाराच असावा.

विज्ञान मंडळासाठी मी पावसाची नोंद सुचवतो, कारण शाळा उघडते तेव्हाच पाऊस सुरू होतो आणि शेतकऱ्याच्या मुलाला त्यात मुळातच रस असतो. सरळ उभ्या भिंतीचे, सपाट तळाचे एखादे भांडे मोकळ्या पटांगणात, झाडापासून व पागोळ्यांपासून दूर, घट्ट बसवावे. त्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच त्या ठिकाणचा पाऊस. भांड्याचे तोंड लहान आहे की मोठे याने त्या आकड्यात फरक पडत नाही, आणि तो का पडत नाही, या एका प्रश्नावर आठवीच्या वर्गात एक उत्तम तास होऊ शकतो. वेधशाळेची पद्धत सकाळी साडेआठला नोंद घेण्याची आहे. शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांनी पाळीपाळीने, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तीच वेळ पाळून आकडा वहीत लिहावा, भांडे रिकामे करून पुन्हा जागेवर ठेवावे, आणि महिन्याच्या अखेरीस तहसील कचेरीतून आपल्या महसूल मंडळाचे आकडे मिळवून दोन्ही शेजारी-शेजारी मांडावेत. आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत याचा शोध घेणे हेच मंडळाचे काम. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी थर्मोकोलच्या तयार प्रतिकृती मांडण्याऐवजी ही चार महिन्यांची वही आणि तिच्यावरून काढलेला आलेख भिंतीवर लावला, तर पाहायला आलेला पालक तेथे दहा मिनिटे थांबेल आणि आपल्या शेतातील पावसाची हकिकत स्वतःहून सांगू लागेल.

पदाधिकाऱ्यांची निवड गुप्त मतदानाने व्हावी. चिठ्ठ्या, पुठ्ठ्याची पेटी आणि पडद्याआडचा एक बाक एवढ्या साहित्यात ती होते. परंतु निवडून आलेल्याला वर्षभराचे पद देऊ नये. सत्रागणिक कार्यवाह बदलावा, आणि एकदा पद भूषविलेल्याने त्या वर्षी पुन्हा उभे राहू नये. येथे वर्गशिक्षकांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कामाची वाटणी करताना रांगोळी, हार आणि स्वागतगीत मुलींकडे, तर खजिना, सूत्रसंचालन आणि बाजारहाट मुलांकडे, ही विभागणी कोणी न सांगताही आपोआप होत जाते. ती हेतुपुरःसर मोडावी. जमाखर्च मुलीने लिहावा, रांगोळी मुलग्यांनी काढावी, आणि झाडलोटीची चिठ्ठी सर्वांच्या नावांतून उचलावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्यात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि स्वयंपाकापासून सगळी कामे स्वहस्ते करीत. त्या काळी जे पार पडले ते आजच्या वर्गात एका दुपारपुरते जमू नये, याला काही कारण नाही. वर्गात सतरंजी नेहमी कोण उचलतो आणि पाहुण्यांना पाण्याचा पेला नेहमी कोण नेऊन देतो, एवढे जरी वर्षभर डोळसपणे पाहिले, तरी शिक्षकाला पुष्कळ काही दुरुस्त करता येईल.

बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याची सवय मुलांना लावावी, आणि त्यात केवळ काय ठरले एवढेच न येता कोणाचे काय म्हणणे होते तेही यावे. नोंद साधारणपणे अशी असावी : 'इयत्ता नववी ब. उपस्थिती ४१. ठराव : वर्गसमारंभ बुधवारी मधल्या सुट्टीनंतर घ्यावा. बाजूने २९, विरुद्ध १२. विरुद्ध मताचे कारण : बुधवारी गावचा बाजार असतो, घरी काम असते. त्यावर चर्चा होऊन बाजूने मत देणाऱ्यांनीच तारीख गुरुवारवर नेण्याची सूचना मांडली. एकमताने मंजूर.' बहुमत झाल्यावरही उरलेल्या बारा जणांना कारण विचारायचे असते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जेवढे शिकवून होत नाही तेवढे अशा पाच ओळी स्वतः लिहिल्याने उमगते.

आता पैसा. वर्गसमारंभाचे सर्वांत अवघड अंग हेच, आणि मुलांची मने दुखावली जातात तीही येथेच. रूढ पद्धत अशी की प्रथम बेत ठरतो, मग खर्चाला विद्यार्थिसंख्येने भागून माणशी वर्गणी काढली जाते, मग वर्गप्रमुख यादी घेऊन फिरतो, आणि शेवटी फळ्याच्या कोपऱ्यात 'बाकी' असे लिहून चार-पाच नावे टांगली जातात. ही पद्धत पूर्णपणे बंद करावी. प्रथम जमा, आणि जमेच्या मर्यादेत बेत, असा क्रम उलटा करावा. त्यासाठी वरून फट पाडलेली, चिकटपट्टीने बंद केलेली एक पेटी आठवडाभर रोज पहिल्या तासाला बाकाबाकांवरून फिरवावी, आणि प्रत्येक मुलाने, त्याच्याजवळ काही असो वा नसो, आपली बंद मूठ पेटीच्या फटीपर्यंत न्यावी. कोणी दहा रुपये टाकले, कोणी दोन टाकले, कोणाची मूठ रिकामी होती, हे शेजारच्यालाही कळू नये. जास्तीत जास्त रक्कमही आधीच जाहीर करावी, म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याच्या मुलाने मोठी नोट टाकून वर्गावर उपकार केल्याची भावना बाळगण्याचा प्रश्न उरत नाही. शनिवारी सर्वांसमक्ष पेटी फोडावी, दोघांनी दोनदा मोजावी, आणि जमलेली रक्कम फळ्यावर लिहून 'एवढ्यात काय करता येईल?' असा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. रक्कम फारच थोडी असली तरी वर्गशिक्षकांनी आपल्या खिशातून भर घालू नये. मुलांची कल्पकता तेथूनच कामाला लागते. दुकानदारांकडे, पतसंस्थेकडे किंवा एखाद्या पुढाऱ्याकडे देणगी मागायला विद्यार्थ्यांना पाठवणे तर सर्वथैव गैर होय, कारण देणगीबरोबर फलक येतो, आणि फलकाबरोबर भाषणही येते.

हिशेबासाठी शंभर पानांची एक वही पुरते. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, प्रत्येक खर्चापुढे पावतीचा क्रमांक. जेथे पावती मिळत नाही, जसे कोथिंबिरीच्या दोन जुड्यांची, तेथे खरेदी करणाऱ्या दोघांच्या सह्या. समारंभानंतर तीन दिवसांच्या आत हिशेब वर्गात वाचून दाखवावा आणि शिल्लक पुढच्या कार्यक्रमाच्या खाती ओढावी. वही वर्गशिक्षकांच्या कपाटात न ठेवता वर्गात, कोणालाही उघडून पाहता येईल अशा जागी ठेवावी.

खाण्याच्या पदार्थांत भेळेइतका सोयीस्कर पदार्थ शाळेसाठी दुसरा नाही. तिला चूल लागत नाही, ती सर्वांना चालते, आणि तिच्या तयारीत वीस-पंचवीस हातांना काम मिळते. पन्नास मुलांसाठी दोन किलो चुरमुरे, दोन किलो फरसाण, दोन किलो कांदे, किलोभर टोमॅटो, पाव किलो चिंच, अर्धा किलो गूळ आणि कोथिंबिरीच्या दोन-तीन जुड्या, एवढे सामान पुरे होते. चिंच-गुळाची चटणी आदल्या संध्याकाळी दोन घरी करून आणावी, मिरचीची चटणी वेगळ्या भांड्यात असावी. कांदा मधल्या सुट्टीतच चिरावा, आधी चिरून ठेवला तर त्याला वास सुटतो. आणि सुऱ्या मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. पुष्कळ ठिकाणी चूक होते ती एका मोठ्या पातेल्यात सगळी भेळ एकदम कालवण्याची : पहिल्या ओळीला कुरकुरीत भेळ मिळते, आणि मागच्या बाकांपर्यंत पोहोचेतो तिचा लगदा झालेला असतो. दहा-बारा जणांपुरतीच भेळ एका वेळी कालवावी, आणि पहिला घाणा मागच्या बाकांवर द्यावा. वाढणाऱ्यांनी शेवटी, एकत्र बसून खावे. ताटली आणि पेला प्रत्येकाने घरून आणावा. थर्मोकोलच्या ताटल्या आणि एकदाच वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे पेले यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, आणि छापील वर्तमानपत्राचा कागद खाद्यपदार्थासाठी वापरणे आरोग्याला घातक आहे. जी मुले ताटली विसरतात त्यांच्यासाठी पळसाच्या पानांचे द्रोण जवळ असावेत.

निरोप समारंभाविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण गेल्या काही वर्षांत त्याचे स्वरूप झपाट्याने पालटले आहे. नववीने दहावीला निरोप द्यावा ही जुनी रीत. आता तिच्यात मुलींनी नव्या साड्या नेसाव्यात, मुलग्यांनी भाड्याचे कोट चढवावेत, मोठा केक कापावा, ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या कराव्यात असे प्रकार शिरले आहेत; आणि ज्या घरात परीक्षेच्या शुल्काचीच ओढाताण आहे तेथे त्या साडीवरून रात्री रडारड होते. समारंभ गणवेशातच होईल, हे जूनमधल्या पहिल्या पालकसभेत सांगून टाकावे. जानेवारीत सांगितले तर ते बंधन वाटते, जूनमध्ये सांगितले तर ती रीत होते. शिक्षकांना भेटवस्तू देण्यासाठी मुलांनी पैसे जमवू नयेत, हेही शिक्षकांनी स्वतःच त्याच सभेत जाहीर करावे, कारण विद्यार्थ्यांना ते बोलून दाखवता येत नाही. दहावीच्या मुलांना शाळेसाठी काही ठेवून जावेसे वाटले, तर मोडक्या बाकांची दुरुस्ती करून द्यावी, ग्रंथालयातील फाटकी पुस्तके शिवून, पुठ्ठे घालून द्यावीत. छायाचित्रांसाठी एकच यंत्र, तेही शिक्षकांच्या हाती, असा नियम करावा. मुलींची छायाचित्रे त्यांच्या अनुमतीवाचून गावभरच्या मोबाइलांवर फिरू लागली की त्याची झळ त्या मुलीला सोसावी लागते, आणि कधीकधी तिचे पुढचे शिक्षण त्यात थांबते. वर्गाचे एक सामूहिक छायाचित्र काढून त्याची छापील प्रत प्रत्येकाला द्यावी.

भाषणे मात्र कमी नकोत, उलट सर्वांची व्हावीत. नेहमी बोलणारी चार मुले दहा-दहा मिनिटे बोलतात आणि उरलेली चाळीस ऐकतात. त्याऐवजी प्रत्येकाला एकेक मिनिट द्यावे. पन्नास मुलांचा वर्ग असला तरी तासाभरात हे आटोपते. ज्याला उभे राहणे जमत नाही त्याने बसून बोलावे, ज्याला बोलणे जमत नाही त्याने चिठ्ठी लिहून मित्राकडून वाचवून घ्यावी, आणि ज्याला तेही नको त्याने आपले नाव आणि आपली वाडी एवढेच सांगावे. शिक्षकांनी शेवटी बोलावे, थोडे बोलावे, आणि अमक्याचा नंबर येणार, तमकी शाळेचे नाव काढणार, अशी भाकिते त्या दिवशी टाळावीत. परीक्षा आठ-पंधरा दिवसांवर आलेली असते, आणि ज्यांच्याविषयी असे काही बोलले गेले नाही ती मुले ते लक्षात ठेवतात. मध्येच शाळा सोडून गेलेल्या, स्थलांतर केलेल्या वर्गमित्रांनाही निमंत्रण जावे. पत्ता ठाऊक नसेल तर त्यांच्या भावकीतील एखाद्या मुलाच्या हाती चिठ्ठी द्यावी. ते येऊ शकले नाहीत तरी त्यांची नावे त्या दिवशी हजेरीत पुकारली जावीत, आणि सामूहिक छायाचित्राची त्यांची प्रत बाजूला काढून ठेवावी.

एवढे झाले म्हणजे वर्षाचे काम जवळजवळ संपते. राहते ते दप्तर सोपवण्याचे. इतिवृत्ताची वही, जमाखर्चाची वही, पावत्यांची फाइल, पावसाची वही आणि हस्तलिखिताचे अंक यांची यादी दोन प्रतींत करावी. मावळत्या कार्यवाहाने पुढच्या वर्गाच्या कार्यवाहासमोर एकेक वस्तू यादीशी ताडून पाहावी, शिल्लक रक्कम मोजून द्यावी, आणि दोघांनी सह्या करून एक प्रत वहीत चिकटवावी व दुसरी मुख्याध्यापकांच्या दप्तरी दाखल करावी. हे काम एप्रिलच्या सुट्टीपूर्वीच उरकावे. जूनपर्यंत ते लांबले तर वह्या सापडत नाहीत, आणि नव्या वर्गाला पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागते.